चोरकप्प्यातलं बुटकं संत्रं

मी एक जुनी चंची आहे. तुमच्यातल्या पुष्कळांना चंची म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, आणि खरं सांगते, त्याचं मला वाईट वाटत नाही. का, ते पुढे कळेलच. चंची म्हणजे कापडाची लांबट पिशवी. तिला ओळीनं कप्पे असतात. गुंडाळली की मुठीत मावते आणि वरून दोरी बांधली की खिशात गप्प बसते. एका कप्प्यात सुपारी, एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी. आमच्याकडे एके काळी चंची नसलेला बाप्या शोधून सापडला नसता.

मित्रांनो, माझा जन्म अहमदपूरचा. मला शिवलं सरजाबाईंनी. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या आणि त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे मारोतीबाबांना, लातूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत माळ्याचं काम नुकतंच लागलं होतं. तेव्हा ते काही बाबा नव्हते, चांगले कुरळ्या केसांचे तरणेबांड गडी होते. पण मी आपली त्यांना बाबाच म्हणते. तर हे बाबा तंबाखूची पुडी तशीच सदऱ्याच्या खिशात कोंबायचे आणि खिशाला डाग पाडून घरी यायचे. सरजाबाईंनी दोन दिवस तो सदरा घासला. तिसऱ्या दिवशी लग्नातल्या निळ्या झंपराचं उरलेलं कापड काढलं, आतून पांढरं अस्तर लावलं आणि बारीक हातशिलाईनं मला तयार केलं.

शिवता शिवता त्यांनी एक गंमत केली. तिसऱ्या कप्प्याच्या मागं, अस्तराच्या आत, बोटभर खोल एक चोरकप्पा ठेवला. वरून बघणाऱ्याला तो दिसायचा नाही.

"आन् ह्यात काय ठिवू?" बाबांनी विचारलं.

"जे कुणाला दावायचं न्हाई ते," असं म्हणून सरजाबाई लाजल्या.

माझ्या चोरकप्प्यात पहिल्यांदा गेलं ते गुलबक्षीचं बी. रोपवाटिकेतून बाबांनी ते बायकोसाठी लपवून आणलं होतं. ती गुलबक्षी अजून अंगणात आहे. अशा प्रेमाच्या घरात माझा जन्म झाला, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकून तुम्ही सरजाबाईंना दोष द्याल. त्या स्वतःला देतच होत्या, त्यात तुमची भर नको.

माझी उमेदीची वर्षं मोठ्या थाटात गेली. बाबांच्या हाताला कलमं बांधायचा गुण होता. आंबा म्हणू नका, गुलाब म्हणू नका, त्यांनी बांधलेलं कलम सहसा वाया जायचं नाही. एक कलम बांधून झालं की ते बांधावर बसायचे, मला उलगडायचे, तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यायचे, चुना लावायचे आणि अंगठ्यानं मळत बसायचे. मग दोन थापट्या मारून डाव्या गालात बार भरायचे. रोपवाटिकेचे मालक गुरुपादप्पा, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेले भले गृहस्थ, कौतुकानं म्हणायचे, "मारोती, तुझ्या हाताला गुण हाय बघ." मला वाटायचं, हा गुण माझाच. मी होते ना त्या हाताजवळ!

एसटीत, बाजारात, कुणाच्या लग्नाच्या मांडवात, "मारोतीभाऊ, काढा की चंची" असं कुणी म्हटलं की माझी छाती फुगायची. चार अनोळखी माणसं माझ्याभोवती जमायची, एकमेकांना गाव विचारायची, हसायची. चुन्यानं माझं अस्तर दोनदा खाल्लं आणि सरजाबाईंनी दोन्ही वेळा ठिगळ लावलं. जे माझ्या अस्तराला खातं, ते माणसाच्या गालाला काय करत असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. चंचीला डोकं नसतं म्हणा, पण हे कारण काही पुरेसं नाही.

आता बुटक्या संत्र्याची गोष्ट.

सहासात वर्षांपूर्वी रोपवाटिकेत एक टेम्पो आला. त्यात गुडघ्याएवढी झाडं, आणि प्रत्येक झाडाला थोरल्या बोराएवढी, लांबट, पिवळीधमक संत्री लगडलेली. झाडांना कागद लटकावला होता, त्यावर नाव होतं कुमक्वाट. गुरुपादप्पांनी सगळ्यांना बजावलं, "हे खायचं न्हाई बरं का. बघायचं झाड हाय हे. बंगल्याच्या दारात ठेवायचं."

पण पिकलेलं फळ समोर असताना नुसतं बघत कोण बसणार? बाबांनी एक तोडलं आणि सोलायला घेतलं. ती साल इतकी पातळ आणि चिकट की नखानं खरवडत बसावं लागलं. पाच मिनिटांनी हातात वाटाण्याएवढा गर आला. तो तोंडात टाकला मात्र, बाबांचे दोन्ही डोळे मिटले आणि खांदे कानाला लागले. "अरारारा! चिंच बरी!" सगळे हसले, सगळ्यांनी खाऊन बघितलं, सगळ्यांनी थुंकून टाकलं. गिऱ्हाइकंही तेच करायची. आमच्या भागातल्या माणसानं जन्मभर संत्रं सोलून खाल्लेलं. संत्रं म्हटलं की आधी साल काढायची आणि फेकायची, त्यात विचार कसला करायचा? झाडाखाली सालींचा सडा पडायचा आणि त्याला गोड वास सुटायचा, पण त्या वासाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

त्यातलं एक झाड टेम्पोतून उतरताना पडलं आणि कमरेत वाकडं झालं. ते कुणी घेईना. शेवटी गुरुपादप्पा म्हणाले, "ने बाबा तुझ्या घरी." बाबांनी निळा ड्रम अर्धा कापून त्यात माती भरली आणि ते दारात लावलं. सरजाबाईंनी त्याचं नाव ठेवलं बुटकं संत्रं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्या रोज त्याला घालायच्या. झाड वाकडं ते वाकडंच राहिलं, पण दर हिवाळ्यात न चुकता फळांनी भरायचं. फळं पिकायची, गळायची आणि सरजाबाई ती झाडून उकिरड्यावर टाकायच्या. दारात शोभा आहे, एवढंच त्याचं काम.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. बाबांची लेक धम्मप्रिया सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रविवारी ती घरी होती. बापलेकीची चेष्टा चालली होती.

"आबा, तुमचं हे झाड निस्तं नाटकी हाय. एवढी फळं, पन खायाच्या कामाचं एक न्हाई."

"कामून न्हाई? म्या खातो बग!" बाबांनी एक फळ सोललं आणि ऐटीत गर डाव्या गालात टाकला.

पुढच्याच क्षणी ते गाल धरून खाली बसले. डोळ्यांतून पाणी आलं. धम्मप्रिया आधी हसली. मग तिचं हसू थांबलं. आंबटानं तोंड वाकडं होणं वेगळं आणि हे वेगळं, हे तिला कळलं.

"आबा, आ करा."

"काय न्हाई गं, आंबट लागलं."

"आ करा म्हणून राहिले ना मी!"

तिनं मोबाइलचा उजेड तोंडात टाकला. मी बाबांच्या वरच्या खिशात होते. तिचा चेहरा अगदी माझ्यासमोर होता आणि तो पांढरा पडत गेलेला मी पाहिला.

"हा चट्टा कधीपासून हाय?"

"चुना लागला आसंल."

"बार कोणत्या गालात धरता?"

बाबांचा हात पुन्हा डाव्या गालावर गेला. सरजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या खिशाकडे, म्हणजे माझ्याकडे. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिघं एसटीनं लातूरला गेली. तिथल्या डॉक्टरांनी गालातला बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. उत्तर आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हा कॅन्सर नाही, पण त्या वाटेवरचा चट्टा आहे. तंबाखूनं आलेला. आज बंद केलीत तर बरं होण्याची आशा आहे. चालू ठेवलीत तर मी काही सांगू शकत नाही. दोन महिन्यांनी दाखवा."

घरी आल्या आल्या धम्मप्रियानं मला उलटं केलं आणि झटकलं. तंबाखू चुलीत गेली, चुन्याची डबी उकिरड्यावर गेली. मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून टाकलं. एवढ्या मानाची मी, आणि चाळणी-झाऱ्याच्या शेजारी येऊन लोंबायला लागले. पण मित्रांनो, मला अपमान वाटला नाही, मला भीती वाटत होती.

कारण बाबांना ते जमत नव्हतं. त्यांचा हात दर थोड्या वेळानं रिकाम्या खिशाकडे जायचा आणि परत यायचा. धम्मप्रियानं लवंगा दिल्या, बडीशेप दिली, औषधाचं चघळायचं गम आणून दिलं. "हे दाताला काय चिकटवून ठिवायचं?" म्हणून त्यांनी ते थुंकून टाकलं. रोपवाटिकेत लक्ष लागेना. त्या आठवड्यात त्यांची तीन कलमं वाळली, आणि गुरुपादप्पांनी काही न बोलता ती बाजूला ठेवली, याचं त्यांना जास्त लागलं. घरी आले की अंगणात बसून ते एक गोष्ट करायचे. डावा तळहात पुढं धरायचे आणि उजव्या अंगठ्यानं नुसताच मळायचे. तळहातावर काही नसायचं. भाकरी थापता थापता सरजाबाई ते बघायच्या.

आणि एका दुपारी, सरजाबाई गिरणीत दळण आणायला गेल्या असताना, बाबा घरात आले. इकडेतिकडे बघून त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि खिशातली एक चिमूट माझ्या चोरकप्प्यात ठेवली. थोडीशी गालात, उजव्या गालात, धरली आणि मला परत होते तसं टांगलं. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्याही.

ज्या कप्प्यात गुलबक्षीचं बी आलं होतं, त्याच कप्प्यात मी ती चिमूट सांभाळली. सांडू दिली नाही, ओली होऊ दिली नाही. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. त्या दिवसांत मला स्वतःची फार लाज वाटली.

त्याच सुमारास सरजाबाईंच्या हातून एक साधी गोष्ट घडली. त्या नळावरून घागर भरून येत होत्या. घागर कमरेवर, एक हात तिच्या गळ्यात अडकलेला. घशाला कोरड पडली होती. दारातल्या झाडाचं एक फळ त्यांनी मोकळ्या हातानं तोडलं. पण एका हातानं सोलणार कसं? नंतर साल थुंकून टाकू, असा विचार करून त्यांनी ते आख्खंच तोंडात टाकलं आणि चावलं.

आणि त्या घागर घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"अगं माय! गोडी तर सालीत हाय!"

घागर खाली ठेवून त्यांनी दुसरं फळ घेतलं. गर पिळून टाकला आणि नुसती साल खाल्ली. गोड, किंचित तिखटसर, आणि तोंडभर वास. सहा वर्षं सगळी शहाणी माणसं त्या फळातलं गोड ते फेकत होती आणि आंबट ते खाऊन झाडाला नावं ठेवत होती. सरजाबाई एकट्याच खदखदून हसल्या. लातूरहून आल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

मग घरात नुसती धांदल उडाली. अर्ध्या फळांच्या फोडी करून त्यांनी तिखट, मीठ आणि गूळ घालून लोणचं घातलं. पिळून काढलेला आंबट रस वाटीभर गुरुपादप्पांच्या बायकोला, नागम्माबाईंना पाठवला. त्या मूळच्या उदगीरकडच्या. त्यांनी त्याचं चित्रान्न, म्हणजे आंबट भात केला, वर शेंगदाणे आणि कढीपत्त्याची फोडणी, आणि डबा भरून परत पाठवला. बाकीच्या रसात साखर घालून पाक केला, तो उन्हाळ्यात सरबताला. पण सरजाबाईंचं खरं लक्ष सालींवर होतं.

"आवळ्याची सुपारी व्हती, मग ह्याची का न्हाई व्हनार?" त्या धम्मप्रियाला म्हणाल्या. "तुझ्या आबाला निस्ती तंबाखू नको हाय. त्यांच्या हाताला काम पायजे. चंची सोडायची, चिमूट काढायची, चार मानसाला द्यायची. ते समदं आपन एकदम बंद केलं."

पहिल्या खेपेला त्यांनी सवयीनं काळं मीठ आणि जिरं घातलं. बाबांनी एक तुकडा गालात धरला आणि ओरडलेच. "आधीच गाल जळून राहिला, त्यात मीठ चोळता का?" ताडकन उठून ते बाहेर गेले. सरजाबाईंनी ते भांडं बाजूला सारलं. दुसऱ्या खेपेला सालींना एक उकळी देऊन पाणी काढलं, मीठ घातलं नाही, साखरेत दोन दिवस मुरवल्या आणि माडीवर फडक्याखाली वाळत घालायला काढल्या. एव्हाना डॉक्टरांनी गालात लावायला दिलेल्या औषधानं जळजळही कमी व्हायला लागली होती.

साली वाळत घालायच्या त्या सकाळी त्यांना वाटलं, चंचीही धुऊन घ्यावी. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. एकेक कप्पा उलटा केला. मग त्यांचं बोट सवयीनं तिसऱ्या कप्प्यामागं गेलं.

चिमूट त्यांच्या बोटाला लागली.

मित्रांनो, मला वाटलं आता आरडाओरडा होईल, लेकीला हाक मारतील, मला चुलीत घालतील. मी त्याला तयार होते. सरजाबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि मला मांडीवर ठेवून कितीतरी वेळ माझ्या शिलाईवरून बोट फिरवत राहिल्या. माझ्यावर दोन थेंब पडले. मग त्या उठल्या, ती चिमूट मोरीत टाकली, रिठ्याच्या पाण्यात मला तीन वेळा धुतलं आणि माडीवर नेऊन सालींच्या शेजारी वाळत घातलं. चार दिवस साली वाळल्या. मी एका दिवसात वाळले होते, पण चौथ्या दिवसापर्यंत तिथंच राहिले. ते चार दिवस बाबा दुपारी येऊन रिकामा खिळा बघून परत जायचे. सरजाबाई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होत्या.

पाचव्या दिवशी त्यांनी माझं फाटलेलं अस्तर शिवलं. पहिल्या कप्प्यात वाळलेल्या साली भरल्या, दुसऱ्यात बडीशेप. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत पिवळा तुकडा निवडून चोरकप्प्यात ठेवला. दोरी बांधली आणि त्याच खिळ्याला मला टांगलं.

दुपारी बाबा आले. सरजाबाई मुद्दाम परात घेऊन आतल्या खोलीत पीठ मळत होत्या. बाबांना वाटलं, घरात कुणी नाही. त्यांनी मला काढलं. मी धुतलेली आहे हेही त्यांना दिसलं नाही, हाताला इतकी घाई. बोट सरळ चोरकप्प्यात गेलं. जे हाती आलं ते त्यांनी बाहेर काढलं आणि बघतच राहिले.

"गावलं का?" आतून आवाज आला.

बाबा दचकले. "तुला... तुला कसं ठाऊक?"

"चंची शिवली कोनी?"

बाबा मटकन पाटावर बसले. सरजाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या.

"तुमास्नी काय बोलू? बोलायचं तोंड मला न्हाई. तुमच्या तोंडातला जाळ म्याच शिवून दिला. कौतुकानं दिला. दोनदा ठिगळ बी लावलं त्याला. तवा दिसलं न्हाई का मला, की कापड खाऊन राहिलाय ह्यो चुना? रोज रातीला माझं मला हेच खातंय."

"येडी का काय तू?" बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तू पिशवी शिवली, सरजा. जाळ म्या भरला. तू तर त्यात गुलबक्षी येईल म्हनून शिवली व्हती."

मग बाबांनी तो तुकडा डावा तळहात पुढं करून त्यावर ठेवला आणि सवयीनं अंगठ्यानं मळायला लागले. सालीचा वास सुटला. सरजाबाईंना रडता रडता हसू फुटलं. "आवं, ते मळायचं न्हाई, निस्तं खायचं!"

"मळू दे," बाबा म्हणाले. "हाताला बरं वाटतंय."

त्यांनी तो तुकडा उजव्या गालात धरला. चिमूट होती तिथंच.

यानंतर सगळं एका दिवसात सुरळीत झालं, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. बाबा आणखी दोनदा घसरले. पण दोन्ही वेळा घरी येऊन त्यांनी आपण होऊन सरजाबाईंना सांगितलं, चोरकप्प्यात काही लपवलं नाही. आणि हेही सांगून ठेवते, बुटकं संत्रं हे काही औषध नाही. गाल सुधारला तो तंबाखू सुटली म्हणून आणि डॉक्टरांनी वेळेवर बघितलं म्हणून. संत्र्यानं फक्त रिकाम्या हाताला सोबत केली.

मार्चमध्ये बापलेकी लातूरला गेली. मी वरच्या खिशात होते. डॉक्टरांनी उजेड टाकून आत पाहिलं, आरशानं पाहिलं, पुन्हा पाहिलं. माझ्यामागं बाबांचं काळीज धडधडत होतं, ते मला अंगभर कळत होतं.

"चट्टा लहान झालाय," डॉक्टर म्हणाले. "रंगही फिका पडलाय. असंच चालू द्या. पण दाखवत राहा, हयगय करू नका."

धम्मप्रिया नर्स आहे, रोज दुखणी बघते, तरी तिनं तिथंच बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं.

परतीच्या एसटीत शेजारी मल्लेश भेटला. तोही अहमदपूरचाच, बाबांचा जुना चंचीमित्र. बसल्या बसल्या त्यानं हात पुढं केला. "मारोतीभाऊ, जयभीम! लई दिस झाले. काढा की चंची!"

धम्मप्रियानं चटकन वळून पाहिलं. बाबांनी सावकाश माझी दोरी सोडली, मला मांडीवर उलगडलं आणि त्याच्या तळहातावर चिमूटभर साली ठेवल्या. मल्लेशनं न बघताच तोंडात टाकल्या. मग त्यानं चावायचं थांबवलं.

"आरं, हे काय? हे तर गोड हाय की!"

"बुटकं संत्रं. आमच्या घरचं."

"आन् तंबाखू?"

"तो कप्पा आता बंद," बाबा म्हणाले.

मागच्या बाकावरची बाई पुढं वाकली आणि तिनंही मागितलं. मग आणखी एकानं. पुन्हा माझ्याभोवती चार माणसं जमली, गावं विचारली गेली, हसणं झालं. मला वाटत होतं, हे सगळं तंबाखूमुळेच होत असतं. तसं नव्हतं, हे इतक्या वर्षांनी मला त्या एसटीत कळलं.

आता गुरुपादप्पांच्या रोपवाटिकेत त्या झाडांजवळ एक पाटी आहे. बाबांनी गुरुपादप्पांच्या सांगण्यावरून स्वतः रंगवलेली. "सोलू नका. सालीसकट खा." उन्हाळ्यात पाहुणा आला की सरजाबाई पाकाचं सरबत पुढं करतात आणि घागरीची गोष्ट सांगतात. वाकडं झाड ड्रममध्ये वाकडंच उभं आहे, पण आता त्याची गळलेली फळं उकिरड्यावर जात नाहीत. आणि दर रविवारी धम्मप्रिया मोबाइलचा उजेड घेऊन म्हणते, "आबा, आ करा." बाबा कुरकुरतात आणि आ करतात. मग ती म्हणते, "तोंडाला संत्र्याचा वास येऊन राहिला." एवढं ऐकलं की मी त्यांच्या खिशात निवांत होते.

मित्रांनो, आता मी फार जुनी झाले आहे. निळा रंग विटला, शिलाई सैल झाली. किती दिवस टिकेन, सांगता येत नाही. म्हणून जाता जाता एक विनंती करते. आम्हां वस्तूंना नाही म्हणता येत नाही. तुम्ही जे द्याल, ते आम्ही सांभाळतो. फूल दिलं तर फूल, विष दिलं तर विष, त्याच मायेनं. निवड तुम्हालाच करावी लागते. तुमच्या घरात आजोबा असतील, काका असतील, कुणाच्या खिशात माझ्यासारखी चंची किंवा एखादी पुडी असेल, तर त्यांच्यावर ओरडू नका. उजेड घ्या आणि म्हणा, "जरा आ करा." मग हळूच त्यांचा चोरकप्पा शोधा. तो सापडला की रिकामा ठेवू नका. आपल्या हातानं त्यात काहीतरी गोड ठेवा आणि ते बोट आत जाईपर्यंत जवळच थांबा.